मढच्या चुलीवर मेक्सिकोचा मका

मेक्सिकोच्या नावाने मक्याच्या ज्या तळलेल्या त्रिकोणी चकत्यांची पाकिटे आज मढ-मार्व्याच्या टपऱ्यांवर टांगलेली आढळतात, त्या चकत्या घरी करण्याची हौस आपल्या गृहिणींत वाढत आहे, ही गोष्ट मला मनापासून स्वागतार्ह वाटते. मात्र त्या हौसेस जे रूप येऊ लागले आहे, त्यावर माझा सक्त आक्षेप आहे. दुकानातून मक्याचे पीठ आणावयाचे, ते सांधत नाही म्हणून त्यात मैदा कालवावयाचा, आणि लाटून, कापून, तळून जे निघेल त्यास मेक्सिकन म्हणावयाचे, असा शिरस्ताच पडू पाहत आहे. त्यातून निपजते ती एक बरी पापडी. ज्या एका संस्कारात मूळ पदार्थाचा प्राण आहे, तो चुन्याचा संस्कार मात्र अजिबात गळून पडतो.

चुन्याच्या पाण्यात मका शिजवून रात्रभर मुरत ठेवण्याची ही रीत त्या मुलखात तीन हजार वर्षांची जुनी आहे. चुन्याच्या क्षाराने दाण्याची साल सुटते, वाटलेल्या गोळ्यास सांधा येतो, आणि मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास ग्रहण करण्याजोगे मोकळे होते. स्पॅनिश दर्यावर्दींनी मका युरोपात नेला, परंतु चुन्याची विद्या नेली नाही. परिणामी केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्या गोरगरिबांस पेलाग्रा नामक व्याधीने ग्रासले. गास्पार कासाल या वैद्याने आस्तुरियास प्रांतात १७३५ साली तिची लक्षणे नोंदली, आणि नायसिनचा उलगडा होण्यास त्यानंतर १९३७ साल उजाडावे लागले.

मढला हे अगत्याने सांगण्याचे कारण आहे. १७३९ साली मराठ्यांनी येथील किल्ला घेईपर्यंत हा टापू पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता, आणि अमेरिकेची मिरची त्यांच्याच गलबतांतून या किनाऱ्यावर उतरली. तिकडे मेक्सिकोच्या दक्षिण भागात, तेवांतेपेकच्या संयोगभूमीवर, झापोतेक स्त्रिया मक्याच्या भोके पाडलेल्या चकत्या मातीच्या भट्टीच्या आतल्या अंगास चिकटवून कडक भाजतात. त्या कित्येक दिवस टिकतात आणि सुक्या कोळंबीबरोबर खाल्ल्या जातात. ज्या गावात वलांडीवर बोंबील वाळतात, घरोघर सोडे साठवलेले असतात आणि तांदळाची भाकरी हातावर थापली जाते, त्या गावास हे अन्न परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

मका अखंड व सुका घ्यावा. गोड मका किंवा लाह्यांचा मका येथे निरुपयोगी. अर्धा किलोस दीड लिटर पाणी आणि जेमतेम एक चमचा खाण्याचा चुना, हे प्रमाण पुरे. भांडे ॲल्युमिनियमचे कदापि नसावे, कारण चुना त्या धातूस खातो. अर्धापाऊण तास मंद आचेवर शिजवून रात्रभर झाकून ठेवलेला मका सकाळी स्वच्छ पाण्यात चोळू लागले, की साली बोटांखाली बुळबुळीत होऊन सुटतात, पाणी गर्द पिवळे उतरते, आणि नुकती सफेदी दिलेल्या ओल्या भिंतीस येतो तसा वास दरवळतो. तीनचार पाण्यांनी धुऊन तो पाट्यावर बारीक वाटावा. गोळा दाबताना कडा चिरल्यास पाण्याचा हात लावावा. पातळ थापून तव्यावर दोन्ही अंगांनी भाजलेल्या चकत्या काही तास उघड्यावर सुकू द्याव्यात, आणि मगच कापून कडकडीत तेलात सोडाव्यात. ओली चकती तेल पिते व मऊ पडते, हे घाईच्या माणसास कितीही सांगितले तरी पटत नाही. बुडबुडे ओसरले की झारा घालावा. मीठ तेव्हाच, गरम असताना, भुरभुरावे.

सोबतीस चीजचा पिवळा लगदा नको. टोमॅटो, मिरच्या व लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून पाट्यावर ठेचावेत, आणि त्यावर कांद्यात परतलेले सोडे घालावेत. मढच्या बचत गटांनी हा जिन्नस करून वेसाव्याच्या तरीने येणाऱ्या प्रवाशांस धक्क्यावरच विकण्याची तजवीज करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे; मका स्वस्त, सोडे घरचे, आणि भाकरी थापणाऱ्या हातांस शिकावयाचे राहते ते चुन्याचे प्रमाण तेवढे.