प्रमाणपत्र मास्कचे, छाती कामगाराची

तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर आघात होतो. चाल बिघडते, वाणी अडखळते.

धुळीपासून बचावाचा मास्क विक्रीस काढण्यापूर्वी उत्पादक तो प्रयोगशाळेत धाडतो. भारतीय मानक ९४७३ नुसार दुसऱ्या श्रेणीच्या मास्कने ९४ टक्के कण अडवले पाहिजेत. पण हा झाला गाळणीचा हिशेब. कडेच्या फटीतून आत शिरणाऱ्या धुळीचे काय? युरोपीय मानकात त्यासाठी दहा माणसांना मास्क लावून फिरत्या पट्ट्यावर चालवतात, आणि तीही सारी गुळगुळीत दाढी केलेली! भंडाऱ्याच्या मे महिन्यात घामाने निथळणारा, चार दिवसांची दाढी वाढलेला कंत्राटी मजूर त्या दहांत कोठे बसतो?

चाचणीचे शुल्क उत्पादकाच्या खर्चात मांडले जाते; मजुराची छाती कोणत्याही ताळेबंदात येत नाही. म्हणून धूळ जागीच दाबणारे ओले छिद्रण व पाण्याची फवारणी आधी, मास्क त्यानंतर. आणि तो प्रत्येकाच्या चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही, याची तपासणी खाणीवरच, युनियनच्या प्रतिनिधींसमक्ष व्हावी. कंत्राटी कामगारांना वगळून चालणार नाही. पुढील वेतनकराराच्या मागणीपत्रात साथींनी हे कलम घालावे.