तारपा नाचाला समोर नसतं

तारपा नाच जगवायचा म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी आमच्या जव्हारच्या डोंगरात येतं. गाडी येते, पाड्यावरची वीस-पंचवीस माणसं भरते आणि शहरातल्या मैदानावर उतरवते. बायांना एकसारखी लुगडी देतात. माईकवरून सांगतात, "सात मिनिटं आहेत. पाहुण्यांकडं पाठ करू नका."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

तारपा नाचाला समोर नसतं, मध्य असतो. मध्ये तारपेवाला उभा. बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात. पाठ करायची नाही ती तारप्याकडं. पाहुणा कुठंही बसो! ज्यांच्या वारली चित्रांचा २०११ साली पद्मश्रीनं सन्मान झाला, त्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. आता तर वारली चित्र तुमच्या भिंतीवर, पिशवीवर, चहाच्या कपावरसुद्धा आहे. त्यातला नाचाचा गोल नीट बघा. सगळी माणसं तारप्याला धरून आहेत, तुमच्यासाठी एकानंही मान वळवलेली नाही.

तारपा करायला लागतं काय? वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मधमाशीचं मेण. सगळं रानातलं, पण वाजतो तो भाताच्या हिशेबानं. नवं पीक आलं, कणसरीचा, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीचा मान झाला, की रात्र-रात्र नाच चालतो. सात मिनिटांत तर नुसता पाय मोकळा होतो.

कुणी म्हणेल, कलाकारांना मानधन मिळतं ना? मिळतं, आणि ते घ्यावंच. जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. घरात चार पैसे आले तर कुणाला नको असतात? पण यालाच कोणी 'संवर्धन' म्हणू लागला, तर मला राहवत नाही.

कारण नाच मरतोय तो मंच मिळाला नाही म्हणून नव्हे. दिवाळी सरली, भात झोडून झालं, की पाडा ओस पडतो. माणसं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाची उचल आधीच घेऊन खाल्लेली असते, त्यामुळं थांबता येत नाही. पोरंही सोबत जातात. ज्या दिवसांत खळ्यावर गोल धरायचा, त्या दिवसांत हात चिखलात. तारप्यात दम न तोडता फुंक घालावी लागते. ती म्हाताऱ्याच्या शेजारी बसून, बघून-बघूनच येते. म्हातारा पाड्यावर आणि पोरगा भट्टीवर, मग शिकायचं कुणी कुणाकडून?

महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. मागेल त्याला काम, असं तेव्हापासून ऐकतो आहोत. ते काम दिवाळीच्या आधी आमच्या शिवारात निघू द्या. बांधबंदिस्ती काढा, तळी काढा, पाणी अडवा, डोंगरात कामाला तोटा नाही. मजुरी पंधरा दिवसांच्या आत हातात पडू द्या, म्हणजे उचल घ्यायची पाळी येणार नाही.

महोत्सवाच्या मांडवाचा खर्च तिकडं वळवा. माणसं पाड्यावर राहिली, तर तारपा कसा वाजवायचा आणि गोल कसा धरायचा, ते आमचं आम्ही बघून घेऊ.