तारप्याला माइक लावताना

कार्यक्रम संध्याकाळी सातचा असला की जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही गावात साउंडवाल्याचा टेम्पो दुपारी तीन-चारलाच लागतो. टॉप आणि बेसची काळी खोकी उतरतात, जनरेटर पटांगणाच्या कडेला जातो, वायरी अंथरल्या जातात. मग कुणीतरी माइकवर टिचकी मारतं, ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणतं, मोबाइल जोडून एक दणदणीत गाणं लावतं. बेस छातीत घुमला की तपासणी संपली. पाहुण्यांच्या भाषणाला एवढं पुरतं, तारप्यासारख्या फुंकून वाजवायच्या वाद्याला पुरत नाही.

साखरशेतला एका कार्यक्रमात हे फार जवळून पाहिलं. तारपा वाजवणाऱ्या बाबांना मंचावर बोलावलं आणि माइकच्या दांडीसमोर उभं केलं. ‘बाबा, इथून हलू नका.’ नाचणारे खाली पटांगणात. तारप्याच्या नाचात वाजवणारा मध्यभागी असतो, फेर त्याच्याभोवती फिरतो, आणि तो स्वतःही फेराबरोबर वळत राहतो. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. इथे पावलांना त्यांचा माणूसच दिसत नव्हता. सवयीने बाबा वळले की आवाज गायब व्हायचा, परत समोर आले की स्पीकर शिट्टी मारायचा. थोड्या वेळाने फेर विस्कटला. लोकांना वाटलं, पोरांचा सराव कमी पडला. सराव भरपूर होता. तारपा वाजत असताना कुणी माइक तपासलाच नव्हता.

या वाद्याचा स्वभावच वेगळा. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत बांबूच्याच जिभा, टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सुरात खंड पडत नाही. आता मिक्सरवर ‘इको’ चालू आहे असं धरा. निवेदकाच्या दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, तिथे इको बसतो. तारप्यात मोकळी जागाच नाही. प्रतिध्वनी आधीच्या सुरावर चढतो, त्यावर पुढचा, आणि शेवटी नुसता गलका उरतो. शिट्टी आपोआप दाबणारी सोय तर आणखी घातक. लांबलेला एकसारखा सूर म्हणजे माइकची शिट्टी, असा तिचा समज होतो आणि ती तो सूरच कापून टाकते. यंत्राने इमानेइतबारे आपलं काम केलं, पण तारपा गेला.

म्हणून तपासणीला खुद्द तारपाच हवा, आणि तोही चांगला पाच-दहा मिनिटं वाजलेला. कोरड्या जिभांना तोंडाची ओल लागते तसा सूर हलतो. उन्हात राहिलेल्या तारप्याचं मेण मऊ पडतं. हे सगळं वाजवणाऱ्याला माहीत असतं. तो आधी फुंकून बघतो, कान देतो, बोटाने मेण दाबतो, पुन्हा फुंकतो. साउंडवाल्याने तेवढा वेळ शेजारी उभं राहून नुसतं ऐकावं. मग इको बंद करावा. माइक कर्ण्याच्या तोंडात खुपसू नये, दोन-तीन फुटांवर थोडा बाजूला धरावा, कारण आवाज कर्ण्यातून येतो तसा बोटांखालच्या भोकांतूनही येतो. जमलं तर वायर नसलेला छोटा माइक वाद्यालाच अडकवावा, म्हणजे वळायची मोकळीक राहते. आवाज हळूहळू वाढवत न्यावा, शिट्टी जिथे डोकं वर काढेल तेवढीच पट्टी खाली घ्यावी.

आणखी एक गोष्ट फार कमी ठिकाणी पाहिली जाते. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि मधोमध बसलेल्यांना बेस ऐकूच येत नाही. मग सगळे मशीनला दोष देतात आणि आवाज वाढवतात. उघड्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावा. अधिक टोक अधिकाला लावल्यावर पडदा पुढे यायला हवा.

आता वेळेचं बघू. डोंगराळ भागात दुपारची तपासणी रात्रीसाठी खरी नसते. दुपारी जमीन तापलेली, जमिनीलगतची हवा गरम. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो म्हणून तो वर वळतो आणि मागच्या रांगेपर्यंत कमी पोचतो. साउंडवाला साहजिकच बटण वाढवतो. सूर्य मावळला की जमीन निवते, खालची हवा थंड आणि वरची उबदार होते. तोच आवाज आता खाली वळतो आणि दरीपलीकडच्या पाड्यावर जाऊन आदळतो. तिथे तान्ही पोरं असतात, आजारी माणसं असतात, सकाळी लवकर कामाला निघणारी असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. राज्य सरकार वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. दहाच्या आतला आवाजही अंधार पडल्यावर एकदा पटांगणाच्या टोकाला, शक्य असेल तर पलीकडच्या पाड्यावर जाऊन ऐकायला हवा.

मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घातलेली सोंगं नाचतात ती संबळाच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात आणि लोकांच्या अगदी मधून. तारपाही उघड्या माळासाठीच घडलेला. मंडळी थोडी असली तर सगळ्यात चांगली व्यवस्था म्हणजे माइक निवेदकाकडे ठेवून तारप्याला खाली फेरात सोडणं. हजारोंची गर्दी असेल तरच त्याचा आवाज मोठा करावा, आणि तेही जनरेटर लांब नेऊन, कारण तो जवळ घरघरत असला तर तारप्याचा खालचा सूर त्याच्यातच बुडतो.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या भागात आनंद झाला. मलाही झाला. त्यानंतर तारप्याला मंचावर बोलावणी वाढणार, स्वागतं होणार, शाली येणार. माझं मागणं आयोजकांकडे आहे. कार्यक्रमाच्या कागदावर पाहुण्यांच्या आगमनाची वेळ लिहिता तशी तारप्याच्या तपासणीची अर्ध्या तासाची वेळही लिहा, ती अंधार पडल्यानंतरची ठेवा, आणि त्या अर्ध्या तासात मिक्सरवर हात कुणाचाही असो, आवाज बरोबर आहे की नाही ते वाजवणाऱ्यालाच ठरवू द्या. नाचणाऱ्यांपैकी दोघांना बरोबर बोलवा, कारण पावलांना तारपा ऐकू येतो का हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. पाहुणे लवकर आले तर त्यांना चहा द्या आणि ही तपासणी ऐकायला बसवा.