मुलं झाली म्हणजे तंबाखू निर्दोष?

'आमच्या आजोबांनी जन्मभर तंबाखू मळली, तरी त्यांना सहा मुलं झाली.' निकोटिनमुळे पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो असं म्हटलं, की हा दाखला हमखास पुढे येतो. दाखला खरा असेल. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तंबाखू खाणारा प्रत्येक पुरुष वंध्य होतो, असं कोणीच जाणकार म्हणत नाही. प्रश्न काठावरच्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या निकषांनुसार दर मिलिलिटरला 1.6 कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा. ज्याची संख्या मुळात भरपूर आहे, त्याला थोडी घट जाणवत नाही. ज्याची आधीच कमी आहे, त्याला तीच घट महागात पडते. 20 अभ्यासांतील 5,865 पुरुषांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण 2016 साली प्रसिद्ध झालं. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या आणि गती दोन्ही कमी आढळली, आणि आधीच वंध्यत्वाची तक्रार असणाऱ्यांत परिणाम अधिक होता. अशा माणसाला आजोबांच्या सहा मुलांचा काय उपयोग?

दुसरा बचाव असा : 'मी सिगारेट ओढत नाही, नुसती चिमूटभर तंबाखू खातो.' हा गैरसमज महाराष्ट्राला फार नडतो. 2016-17च्या सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर तंबाखू खाणारे-लावणारे 24.4 टक्के. तळहातावर तंबाखू घेऊन, नखाने चुना लावून ती मळली जाते, तेव्हा तो चुना निव्वळ चवीसाठी नसतो. त्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळं होतं आणि ओठाखालच्या नाजूक त्वचेतून झटकन रक्तात उतरतं. तिथून ते वीर्यापर्यंतही पोहोचतं. मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या 638 तंबाखू खाणाऱ्यांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. दिवसातून जितक्या जास्त वेळा तंबाखू, तितकी वीर्याची प्रत खालावलेली, असं त्यात दिसलं.

'दोष निकोटिनचाच कशावरून? तंबाखूत इतरही विषं असतात.' असतात, कॅडमियमसारखी. पण उंदरांना नुसतं निकोटिन दिलेल्या प्रयोगांतही शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटली. शुक्राणूत पेशीद्रव नाममात्र असतो, त्यामुळे स्वतःची डागडुजी करण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. तंबाखूमुळे वाढणारा ऑक्सिडेटिव्ह ताण त्याच्या आवरणाला आणि डीएनएला इजा करतो. संख्या पुरेशी असूनही गर्भ न राहण्यामागे ही इजा असू शकते.

सगळ्यांत अन्यायकारक समजूत म्हणजे मूल होत नसेल तर खोट बाईतच. तिची सोनोग्राफी होते, नळ्यांची वेदनादायक तपासणी होते, उपासतापास तिच्याच वाट्याला येतात. नवऱ्याची वीर्यतपासणी निघते ती सगळं संपल्यावर. वास्तविक निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. त्याच्या तपासणीला दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक नमुना पुरतो. ती आधी व्हायला हवी, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्याने तंबाखूबद्दल खरं सांगायला हवं.

'इतकी वर्षं खाल्ली, आता सोडून काय होणार?' बरंच काही होऊ शकतं. शुक्राणू रोज नव्याने घडतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही दिवस. म्हणजे तंबाखू सोडल्यावर तीन महिन्यांनी तपासलेला नमुना व्यसनमुक्त शरीरात घडलेला असतो. सगळ्यांचाच प्रश्न एवढ्याने सुटणार नाही. व्हेरिकोसीलसारखं (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) दुसरं कारण असेल तर त्यावर वेगळे उपचार लागतील. पण बिनखर्चाचा आणि सर्वस्वी आपल्या हातातला उपाय हाच आहे.

म्हणून बाप होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला कळकळीचं सांगणं : पत्नीला दवाखान्यात पाठवण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या आणि तंबाखू आजच बंद करा. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते.