जकात मृगापूर्वीं ठरावी

कायदा कितीही कडक असला तरी तो आगाऊ जाहीर व्हावा, आणि घडून गेलेल्या कृत्यास मागाहून लागूं होऊं नये, हें न्यायाचें पहिलें तत्त्व आहे. तेलबियांच्या बाबतींत मध्यवर्ती सरकारनें नेमकें हेंच तत्त्व वारंवार मोडिलें आहे. शेतकरी मृगांत पेरतो आणि दसऱ्याच्या सुमारास माल बाजारांत आणतो. परंतु ज्या आयात-जकातीवर त्याच्या मालाचा भाव बव्हंशीं अवलंबून, ती मधल्या काळांत केव्हां व किती बदलेल, हें शेतकरी, अडत्या किंवा गिरणीवाला यांपैकीं कोणासही सांगतां येत नाहीं.

केडगांवकरांस हा प्रश्न परका नाहीं. पंडिता रमाबाईंनीं येथें उभारलेल्या मुक्तिसदनांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं स्त्रियांस जे उद्योग शिकविले जात, त्यांत तेलाचा घाणाही होता. शाळूबरोबर करडईचे पट्टे घेण्याची भीमाकांठची वहिवाट जुनी. कृषिविद्यापीठानें करडईच्या एका वाणास ‘भीमा’ हेंच नांव दिलें. पुढें कालवे आले, ऊंस व कांदा आला, आणि करडई मागें हटली. त्याबद्दल कालव्यास दोष देणें वेडेपणाचें होईल. पण शिरूर-दौंडच्या ज्या माळांस कालव्याचें पाणी पोंचत नाहीं, तेथेंही तेलबी नकोशी कां व्हावी?

आयात बंद करा, अशी आरोळी आम्ही ठोकीत नाहीं. २०२३-२४ च्या तेलवर्षांत देशांत सुमारें १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आलें. तें न येतें तर गरिबाच्या फोडणीस तेल राहिलें नसतें. पण २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धानें सूर्यफुलाचें तेल अडलें, आणि त्याच वर्षीं एप्रिलअखेर इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे रोखली, तेव्हां परक्याच्या डब्यावर संसार चालविण्याचा धोकाही सर्वांस कळला.

बाहेरून येतें तें बहुतेक तेल, बी नव्हे; म्हणून बी गाळणाऱ्या गिरणीस त्यापासून ना काम मिळतें, ना गुरांस पेंड. ३१ मे २०२५ पासून कच्च्या तेलावरील मूळ जकात २० टक्क्यांवरून १० टक्के झाली, शुद्ध तेलावरील तशीच राहिली, आणि अधिभारांसह दोहोंतील अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेलें. यांत लाभ झाला तो आणलेलें तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचा. गिरणीच्या वांट्यास स्वस्त तेलाची स्पर्धा आली, आणि तीही मृगास जेमतेम आठवडा उरला असतां!

उलट सप्टेंबर २०२४ मध्यें जकात वाढविली, तेव्हां पीक शेतांत उभें होतें. आणि तरीही सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीं विकलें गेलें. कारण उघड आहे. शंभर किलो सोयाबीनांत तेल सुमारें अठराच किलो; बाकी बहुतेक पेंड. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा व तांदळाचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यांत स्वस्त पडूं लागल्यानें पेंडीचा भाव बसला होता. २०२१ सालीं सोयाबीन दहा हजारांच्या घरांत असतां बारा लाख टन पेंड आयात करण्यास ऑगस्टांत परवानगी मिळाली, आणि नवा माल येईपर्यंत भाव कोसळला. सारांश, नुसत्या तेलावरील जकातीनें हें दुखणें बरें होणारें नाहीं. पेंडीचाही विचार केला पाहिजे.

यास्तव आमच्या सूचना तीन. पहिली, नोव्हेंबरपासूनच्या तेलवर्षाची जकात आधींच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत जाहीर व्हावी, आणि ती हमीभावाशीं बांधलेली असावी: बियांचा भाव हमीभावाखालीं गेला तर किती चढेल व फार वर गेला तर किती उतरेल, हें आगाऊ छापलेलें असावें. दुसरी, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत बाहेरचें बी व पेंड बंदरांत उतरूं देऊं नये. पुढें देशी माल संपला म्हणजे गिरण्यांनीं बाहेरचें बी आणून आपलीं यंत्रें चालतीं ठेवावीं. तिसरी सूचना आम्हां गांवकऱ्यांसच आहे. केडगांवच्या उपबाजारांत कांद्यास जी वर्दळ मिळते, तिचा कांहीं अंश करडई-भुईमुगाच्या वांट्यास यावा. बियांतील ओलावा व तेलाचें प्रमाण पाहून उघड लिलावांत भाव ठरावा. पायलीमागें अंदाजानें कपात करणाऱ्या अडत्यास सरकारच्या लहरीविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार कसा पोंचतो?

गिऱ्हाइकास स्वस्त तेल आणि शेतकऱ्यास रास्त भाव यांत थोडी ओढाताण राहणारच. पण तो तंटा पेरणीपूर्वीं, उभय पक्षांचें म्हणणें ऐकून मिटवावा. पीक खळ्यावर आल्यावर दिलेला निवाडा कितीही सद्धेतूचा असो, ‘बैल गेला नि झोंपा केला’ यापलीकडे त्याची किंमत नाहीं.