शोकसभेतून गाणे हद्दपार का?

सामुदायिक आपत्ती कोसळली की आपल्या धर्मग्रामांच्या सूचनाफलकावर पहिली सूचना लागते ती 'नाचगाण्याचे कार्यक्रम रद्द' अशी. मग दोन मिनिटांचे मौन, एक मेणबत्ती, आणि मंडळी घरी. यालाच आपण शोक म्हणतो! या सूचनेमागील भावना प्रामाणिक असते, हे मी नाकारीत नाही. परंतु नृत्य म्हणजे केवळ मौज, हे त्यातले गृहीतक मला मुळीच मान्य नाही.

चिली देशातील काही स्त्रियांनाही ते मान्य झाले नव्हते. 11 सप्टेंबर 1973 रोजी जनरल पिनोशे यांच्या लष्कराने तेथील सत्ता बळकावली आणि पुढे हजाराहून अधिक माणसे, पकडून नेल्यावर, कायमची नाहीशी झाली. ना मृतदेह, ना कबर, ना दफनविधी. आपण सधवा की विधवा, हेही बायकांना कुणी सांगेना. 1976 साली कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी सांतियागोच्या कॅथेड्रलशेजारी पीडितांसाठी कार्यालय उघडले, तेव्हा या स्त्रियांना तेथे आसरा मिळाला.

'क्वेका' हा तिकडचा जोडीचा नाच. हाती रुमाल घेऊन स्त्रीपुरुष एकमेकांभोवती फिरतात. अनुनयाचाच तो खेळ. 8 मार्च 1978 रोजी काऊपोलिकान नाट्यगृहात तोच नाच एक स्त्री एकटीने नाचली. समोर जोडीदाराची जागा रिकामी. भाषणाने हे साधले असते काय? मौनाने तर नाहीच. मौन राज्यकर्त्यांनाच हवे होते. (पुढच्याच वर्षी त्याच सरकारने क्वेकाला राष्ट्रीय नृत्य ठरवले!) त्या नाचाने माणसे परत आली नाहीत, हे खरे. पण ती नव्हतीच, असे म्हणणे अवघड झाले.

शास्त्राधार हवा असेल त्यांनी शमुवेलचे दुसरे पुस्तक उघडावे. शौल व योनाथान पडल्यावर दावीद रडला, त्याने उपवास केला. पण तेवढ्यावर न थांबता विलापगीत रचले आणि ते यहूदाच्या लोकांना शिकवण्याची आज्ञा दिली. शिकवण्याची! पुढे तोच दावीद कराराच्या कोशापुढे नाचला, तेव्हा खिडकीतून पाहून मीखलने नाक मुरडले. तिचे वारस आपल्या समित्यांवर अजून बसतात.

आपत्तीच्या दिवशी बेंजो वाजवा, असे मी म्हणत नाही. गायकवृंदाला मात्र घरी पाठवू नका. आणि सणासाठी बसवलेला नाच रद्द करण्यापूर्वी तरुणांना एकदा विचारा. गेलेल्या सवंगड्याची जागा रिकामी ठेवून ते नाचतील.