पिवळी तार झोपत नाही!

दोस्तांनो, मारुतीची ओम्नी व्हॅन तुम्ही पाहिलीच असेल. १९८४ मध्ये ती रस्त्यावर आली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. अशा जुन्या व्हॅनमधला टेप बहुधा मालकाने बाजारातून आणून बसवून घेतलेला असतो. (रेडिओ असो की सीडी प्लेअर, त्या डब्याला आपण 'टेप'च म्हणतो!) एक दिवस तो मुका होतो. मग काय, दोन्ही हातांनी धरून ओढाओढी सुरू!

पण ओढून तो निघत नाही, बरं का. या डब्यांचं माप ठरलेलं आहे. जर्मनीच्या 'डीआयएन' या मानक संस्थेने ते आखलं : डॅशबोर्डमधली खाच १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच. म्हणून तर जपानी टेप आपल्या व्हॅनमध्ये चपखल बसतो. या खाचेत आधी पत्र्याची चौकट सरकवतात आणि तिच्या कडेच्या जिभा वाकवून ती डॅशबोर्डला अडकवतात. टेप आत ढकलला की दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगपट्ट्या 'टक्' करून त्याला धरतात.

त्या सोडवायला टेपबरोबर दोन चपट्या पत्र्याच्या किल्ल्या मिळतात. (आणि पहिल्याच आठवड्यात हरवतात.) दर्शनी प्लास्टिकची पट्टी काढायची, दोन्ही बाजूंच्या फटींत किल्ल्या सरकवायच्या, मग टेप अलगद पुढे येतो. दोन-तीन बोटं येऊन अडला तर थांबा! पाठीमागे बोल्ट किंवा आधाराची पट्टी असू शकते. ती सोडवल्याशिवाय जोर केला, तर डॅशबोर्ड तडकलाच म्हणून समजा.

इथवर सगळं सोपं. खरी गंमत आणि खरा धोका मागच्या तारांत आहे. म्हणून हे काम एकट्याने करायचं नाही. बाबांचे, आत्याचे किंवा ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे मदतनीस व्हा.

बाजारातल्या बहुतेक टेपना काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडण्यासाठी असते. लाल तारेत गाडीची चावी फिरवली की वीज येते. पिवळी मात्र झोपतच नाही! घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी तिच्यात रात्रंदिवस वीज असते, चावी खिशात असली तरी.

आता नीट लक्ष द्या. पुष्कळ टेपचा फ्यूज त्यांच्याच पाठीवर असतो. टेप काढला की तो रखवालदारही टेपबरोबर बाहेर! बसवणाऱ्याने पिवळी तार गाडीच्या फ्यूजपेटीतून घेतली असेल, तर तिथला फ्यूज राखण करतो. पण थेट बॅटरीवरून ओढली असेल तर? मग डॅशबोर्डमागे एक उघडं, जिवंत टोक लोंबत राहतं. खड्ड्यात गाडी आदळली, टोक पत्र्याला टेकलं, की तार तापून लाल होते आणि वरचं प्लास्टिक पेटतं. बारा व्होल्टचा एरवी झटका जाणवत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. झटका नसला तरी बॅटरी शेकडो अँपिअर वीज सोडू शकते. मागे शाळेची मुलं बसलेली असतील तर?

म्हणून टेपला हात लावण्याआधीच बॅटरीचं ऋण टोक सोडवायचं. ऋणच का? गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. धन टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांची दिवाळी!

मागचा प्लग धरून उपसायचा, तारा ओढायच्या नाहीत. एरियलची जाड केबलही तशीच काढायची. प्लग नसून तारांना नुसता पीळ दिलेला असेल, तर एकेक तार सोडवा आणि प्रत्येक टोकाला वेगळी चिकटपट्टी गुंडाळा. सगळ्यांची एकच मोळी बांधायची नाही. पिवळीवर दोन थर जास्तच द्या. आणि रंगावर फार विसंबू नका. बसवणाऱ्याच्या हाताशी होती ती तार त्याने जोडलेली असते, त्यामुळे पलीकडे पिवळीची हिरवीही झालेली असेल!

चौकट आतच राहू द्या. त्या मापाचे प्लास्टिकचे खण दुकानात मिळतात, त्यात सुट्टे पैसे आणि टोलच्या पावत्या छान राहतात. बॅटरी मात्र जोडायची सगळ्यात शेवटी.